चार बोटं कमी

वीबके हार्म्स रोज सकाळी साडेसहाच्या ठोक्याला विमानाच्या पोटात शिरायची. पोट म्हणजे खरोखरच पोट! जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, पुरतं दुमजली, आणि आत अजून ना खुर्च्या ना गालिचा, नुसत्या उघड्या बरगड्या. शेपटीच्या अंगाला, डाव्या भिंतीपाशी दोन बरगड्यांमध्ये मान घालून ती बसली की बाहेरून फक्त तिचे बूट दिसायचे.

साडेसातला खाली माणसं जमू लागली की ती मान बाहेर न काढता एकदाच दणक्यात ओरडायची, “मोइन!” तिच्या गावी, हॅम्बुर्गमध्ये, तेवढं पुरतं. तिथे सकाळी मोइन, दुपारी मोइन, शिफ्ट संपतानाही मोइन. एका मोइनमध्ये अख्खी शेड आटोपते.

इथे फ्रान्समध्ये, तुलूझला, मात्र खालून उत्तर यायचं नाही. पाच महिन्यांत एकदाही नाही.

आणि गंमत म्हणजे, खाली गलका तर केवढा! पातळ पत्र्यातून तिला सगळं ऐकू यायचं. रेजीसचा फाटका आवाज, सोलेनचं खिदळणं, गालाला गाल लावून हवेत घेतलेल्या मुक्यांचे चटक चटक आवाज, आणि टोळीचा मुकादम कास्तेरा याचं खर्जातलं “झोपलास का नीट?” हे सगळं दहा-दहा मिनिटं चालायचं. मग शिडी वाजायची आणि एकेकजण वर यायचा. तिच्या बुटांना वळसा घालून पुढे जायचा. जणू ते बूट विमानाबरोबरच आले होते.

वीबकेला वाटायचं, हे सगळं वायरींमुळे.

कारण वायरी खरंच हॅम्बुर्गहून आल्या होत्या आणि खरंच आखूड पडल्या होत्या. या कंपनीचं कामच असं. नाक एका देशात बनतं, पंख दुसऱ्या, शेपटी तिसऱ्या, अंगाचे मोठाले तुकडे हॅम्बुर्गला. मग जहाजातून आणि रस्त्यानं सगळं तुलूझला आणून जोडायचं. पस्तीस वर्षं असंच चाललं होतं आणि छान चाललं होतं. पण या दुमजली विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायर होती, आणि नकाशे काढणारे दोन गावांत दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर बसले होते. एक जुनं, एक नवं. वळणाची मापं जुळली नाहीत. वायरींचे जुडगे आले, भिंतीत घातले, आणि प्लग सॉकेटपर्यंत पोचेचनात! कुठे तीन बोटं कमी, कुठे चार. मग हॅम्बुर्गहून माणसं पाठवली, हातानं वायर ओढून पुन्हा जोडायला. वीबके त्यांतलीच. बाकीचे हॅम्बुर्गवाले विमानाच्या पुढच्या भागात एकत्र होते. तिला एकटीला शेपटीत टाकलं, कारण तिला फ्रेंच येत होतं. शाळेत सहा वर्षं शिकली होती ना! तिच्या त्या हुशारीचं हे बक्षीस.

तिला इथे कुणी वीबके म्हणत नव्हतं. ‘मादाम हॅम्बुर्ग’ म्हणायचे. आपापसात सगळे अरे-तुरे, आणि तिला मात्र तुम्ही. “मादाम हॅम्बुर्ग, जरा पाय घ्याल का?” एवढंच काय ते बोलणं.

जेवणाचंही तसंच. तिला साडेअकराला भूक लागायची. शिडीच्या पायरीवर बसून ती डब्यातला काळा ब्रेड आणि चीज खायची. बाकीचे साडेबाराला कँटीनमध्ये जायचे, गरम गरम जेवायचे, पेलाभर वाइन घ्यायचे आणि दीड तासानं हात पुसत परत यायचे. तिचा सगळा दिवस त्यांच्या एक तास पुढे धावत असायचा. एक तास पुढे असणं दिसायला मोठं कौतुकाचं. पण तिथे माणूसकाणूस कुणी नसतं.

नोव्हेंबरच्या त्या सोमवारी हॅम्बुर्गहून तिच्या साहेबाचा, पेटरसनचा फोन आला.

“वीबके, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांग. परत येतेस, की अजून नऊ महिने राहतेस? परत यायचं तर इथली तुझी जागा मोकळी ठेवतो. राहायचं तर ती दुसऱ्याला जाईल, मग नंतर कुरकुर नको.”

“गुरुवारी सांगते,” ती म्हणाली. पण मनात उत्तर तयार होतं. परत! एल्ब नदीवरची फेरीबोट, रविवारी मोठ्या बहिणीकडे, गेशेकडे, तळलेला मासा, आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस मोइन म्हणणारा. कोण राहतंय इथे, बुटांसारखं?

त्याच दिवशी दुपारी भांडण झालं.

तिनं तीन आठवडे खपून बांधलेला जुडगा, बोटाएवढ्या जाडीच्या वायरींचा तो जाड अजगर, रेजीसनं विमानाच्या फरशीखालच्या सॉकेटपाशी नेला. नेला, ओढला, वळवला. आणि मोठ्यानं हसला.

“फेर्नां! ये, बघ! पुन्हा चार बोटं!”

फेर्नां म्हणजे कास्तेरा. सत्तावन्न वर्षांचा, भुवया खराट्यासारख्या, सोळाव्या वर्षी उमेदवार म्हणून या कारखान्यात शिरलेला. तो गुडघे मोडत खाली वाकला आणि त्यानं स्वतःची चार बोटं प्लग आणि सॉकेटच्या मधे धरली. तंतोतंत बसली.

“माप कुणी घेतलं?”

“मी,” वीबके म्हणाली. “नकाशाप्रमाणे.”

“नकाशाप्रमाणे! गेल्या आठवड्यात हे सॉकेट सरकवलं. विमानाला विचारलंत का कधी, बाई, तू आहेस कुठे म्हणून?”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगणार कुणाला? बुटांना?” रेजीस म्हणाला.

“तू गप रे,” कास्तेरा गुरकावला. पण मग त्याचंच तोंड सुटलं. “पाच महिने! पाच महिने ही बाई सकाळी येते, बिळात शिरते. कुणाला हात देत नाही, कुणाकडे बघत नाही. सोलेननं पहिल्या दिवशी शिडीवर चढून गाल पुढे केला, तर हिनं तिच्या हातात पक्कड दिली! आम्हाला काय रोग झालाय? तुला आमच्याशी बोलायचंच नाही, तर सांगायचं कुणी आणि का?”

रागाच्या भरात तो तुम्हीवरून तूवर आला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. वीबकेच्या आलं.

“मी रोज मोइन म्हणते,” ती म्हणाली. “रोज! तुम्हीच कुणी उत्तर देत नाही.”

“म्हणतेस कुणाला?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना?” कास्तेरानं छातीवर हात ठेवला. “माझं नाव ‘सगळे’ आहे का? ह्याचं नाव ‘सगळे’ आहे? माणसाला माणूस भेटतो तेव्हा हातात हात द्यायचा असतो. एकेकाला. नाव घेऊन. पत्र्याआडून भुंकल्यासारखं ओरडायचं नसतं!”

सोलेन हळूच म्हणाली, “मला वाटलं, जर्मनमध्ये ते ‘चला, कामाला लागा’ असं काहीतरी असेल.”

वीबकेला हसावं की रडावं कळेना. पाच महिने! पाच महिने ती वायरींची शरम एकटी वाहत होती, आणि या लोकांचं वायरींबद्दल काही म्हणणंच नव्हतं. वायरी काय, होतं असं. यांचा सगळा राग हातांचा होता.

“आणि माझं नाव हॅम्बुर्ग आहे का?” ती म्हणाली.

रेजीस उगाच प्लगमधली धूळ फुंकायला लागला.

मंगळवारी ती साडेसहाला आली, बिळात शिरली, पण साडेसातला खालचा गलका ऐकून शिडी उतरली. आधी कास्तेरा. हातात हात. “बोंझूर, फेर्नां.” त्याच्या भुवया वर गेल्या, हात मात्र त्यानं घट्ट धरला. “बोंझूर, वी… वीब…” “वीबके.” “वीब्केऽ,” त्यानं ते नाव गरम बटाट्यासारखं तोंडात फिरवलं. मग रेजीस. मग सोलेन, तिनं गाल पुढे केला तेव्हा वीबकेनं चुकीच्या बाजूनं सुरुवात केली आणि दोघींची नाकं आपटली. मग पलीकडच्या टोळीचे दोघं, त्यांना तर ती ओळखतही नव्हती. वर चढताना तिचा उजवा तळवा गरम होता. ती कितीतरी वेळ त्या हातात पक्कड धरीना.

आता माणसाला एखादी गोष्ट नवी जमली की तो तीच करत सुटतो. दुपारी कँटीनहून मंडळी परतली तशी वीबके पुन्हा खाली उतरली आणि तिनं हसत कास्तेरापुढे हात केला. “बोंझूर, फेर्नां!”

कास्तेरानं हात मागे घेतला.

“सकाळी भेटलो ना आपण?”

“हो… म्हणून काय झालं?”

“म्हणजे सकाळचं तू विसरलीस? एवढा का मी विसरण्यासारखा आहे?” तो खरंच दुखावला होता! एका दिवसात एका माणसाला दोनदा बोंझूर म्हणायचं म्हणजे पहिलं जमेस धरलंच नाही म्हणायचं. आता हे कुठल्या शाळेच्या पुस्तकात असतं, सांगा! वीबके लालेलाल झाली. रेजीस पोट धरून हसला आणि शेवटी कास्तेराच्याही मिशीचं एक टोक हललं.

“उद्या साडेबाराला आमच्याबरोबर चल,” तो म्हणाला. “तिथं काय काय करायचं नसतं, ते शिकवतो.”

बुधवारी साडेअकराला तिच्या पोटात कावळे कोकलले, तरी तिनं डबा उघडला नाही. कँटीनमध्ये बदक आणि शेंगदाण्यांएवढ्या पांढऱ्या घेवड्यांचा दाट रस्सा होता. तिनं सवयीनं डब्यातला काळा ब्रेडही काढला.

“हे खायचं असतं?” रेजीसनं तो टेबलावर ठोकून पाहिला. “मला वाटलं, विमानाच्या चाकाखाली लावायचं.”

“तुमचा पांढरा पाव संध्याकाळपर्यंत त्याच कामाचा होतो,” वीबके म्हणाली. आणि टेबल हसलं. तिच्या बोलण्याला! तिच्यावर नाही!

कास्तेरा त्या दिवशी खुलला होता. तो रश्शात पाव बुडवत सांगत होता, “बहात्तर साली आपलं पहिलं विमान उडालं तेव्हा मी बावीस-तेवीसचा. सगळी शेड रिकामी झाली, धावपट्टीच्या कुंपणापाशी आम्ही उभे. बाहेर आमच्याकडचा तो वेड लावणारा ओतां वारा. उडालं, परत आलं, आम्ही टोप्या फेकल्या. माझी सापडलीच नाही. वाटलं, आता जग जिंकलं! आणि मग?”

“मग काय?”

“मग कुणी घेईना. कित्येक महिने एकही नवं गिऱ्हाईक नाही. तयार विमानं धावपट्टीच्या कडेला उभी, शेपट्या पांढऱ्याफटक. शेपटीवर नाव गिऱ्हाइकाचं असतं ना. गिऱ्हाईकच नाही तर नाव कसलं? मी दर सोमवारी त्यांची धूळ पुसायला जायचो. आत शिरायचो, एखाद्या खुर्चीवर बसायचो. नवीन कोरं विमान, खिडकीतून ऊन येतंय, आणि जायचं कुठेच नाही. इतकं एकटं मला पुढे बायको गेली तेव्हाही वाटलं नाही.”

रेजीस ताटातून मान वर काढून म्हणाला, “हे ह्यानं आम्हाला कधी नाही सांगितलं.”

“तुला कशाला सांगू? तुला एकटं राहणं माहीतच नाही. तू झोपेतसुद्धा बोलत असशील.” मग कास्तेरा वीबकेकडे वळला. “नऊ महिने लागतील शेपटीला. तुझा हात चांगला आहे. नकाशा सोडून विमानाला विचारायला लाग, म्हणजे झालं. तू असलीस तर होईल हे काम.”

तू असलीस तर! वीबकेनं ते तीन शब्द घरी नेले, म्हणजे कारखान्याजवळ, ब्लान्याकमधल्या तिच्या हॉटेलातल्या खोलीत, जिथे टेबलाला एकच खुर्ची होती. तिला त्या वाक्यात ‘आपण’ ऐकू आलं. तो म्हणाला नव्हता. पण तिला आलं.

गुरुवारी दुपारी तिनं पेटरसनला फोन करून सांगितलं, “राहते.”

“नक्की?”

“नक्की.”

संध्याकाळी गेशेनं मात्र फोनवर चांगलीच झाडली. “अगं, वेडी आहेस का? पाच महिने माझ्या कानाशी रडलीस, आणि तीन दिवस कुणी हात हातात घेतला तर थांबलीस?”

“चार माणसं आहेत, गेशे. एक म्हातारा आहे, तो…”

“तो काय?”

“तो मला विचारतो, झोपलीस का नीट म्हणून.”

गेशे म्हणाली, “माशाचं मी शेजारणीला सांगते. तू येशील म्हणून या रविवारी दोघींसाठी आणणार होते.”

शुक्रवारी सकाळी सगळ्यांचे हात झाले. साडेबाराला कँटीनला जाताना सोलेन वीबकेला म्हणाली, “चार वाजता येशील ना?”

“कुठे?”

“अगं, फेर्नांच्या निरोपाला! आज शेवटचा दिवस ना त्याचा. सोमवारपासून तो रिटायर.”

वीबके तिथेच उभी राहिली. मागून येणाऱ्या दोघांनी तिला वळसा घातला.

तिनं कास्तेराला रांगेत गाठलं. तो ट्रेवर काटे-चमचे मांडत होता.

“तू आज जातोयस?”

“हो की. चार वाजता पिऊ थोडं. रेजीस भाषण करणार म्हणतोय, देव वाचवो.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“तुला माहीत नव्हतं?” त्याला खरंच नवल वाटलं. “वर्षभर बोलतायत इथे. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.”

“माझं नाव ‘सगळे’ आहे का?”

कास्तेराच्या हातातला चमचा ट्रेवर पडला. रांग पुढे सरकली, मागचे ओरडायला लागले, “फेर्नां, तिथेच रिटायर होणार का रे?”, तरी तो हलला नाही.

“तू राहते म्हणून सांगून टाकलंस?” त्यानं विचारलं.

“काल.”

“आणि परत फिरवता येणार नाही?”

“माझी जागा दुसऱ्याला दिली.”

“माझ्यामुळे?”

“शेपटीमुळे,” ती म्हणाली, आणि सुपाचं भांडं उचललं.

चार वाजता हँगरच्या कोपऱ्यात टेबल लावलं होतं. बडीशेपेच्या वासाचं मद्य, खारे दाणे, आणि कास्तेरानं स्वतः आणलेले मांसाचे छोटे पॅटिस. जाणारा माणूसच खाऊ घालतो इथे. वर्गणी काढून त्याला मासेमारीचा गळ घेतला होता. वर्गणीचं पाकीट वीबकेकडे कधी आलंच नव्हतं; ते बहुधा ती बूट होती तेव्हा फिरून गेलं. रेजीसनं भाषण केलं, त्यात कास्तेराच्या भुवयांवरच पाच मिनिटं काढली. सगळे हसले. वीबकेही हसली, अर्धं न कळताच.

निघताना कास्तेरा एकेकापाशी थांबला. वीबकेपाशी आला तेव्हा गळाची लांब पेटी काखेत सांभाळत त्यानं तिचा हात धरला.

“डोंगरात गाव आहे माझं. तिकडे नदी आहे,” तो म्हणाला. “तू कधी आलीस तर…” आणि मग त्याला ते वाक्य कुठे न्यावं कळेना. “फार लांब आहे तसं. बस नाही जात.”

“बरं,” वीबके म्हणाली.

“विमानाला विचारत जा.”

“बरं.”

तो हँगरच्या त्या अजस्र दारातून बाहेर पडला. दार विमानासाठी बनवलेलं, त्यामुळे माणूस त्यातून जाताना फारच लहान दिसतो.

शनिवार-रविवारी तिनं हॉटेलची चादर स्वतः धुतली, नदीकाठी जाऊन आली, आणि गेशेला फोन केला नाही. केला असता तर सांगावं लागलं असतं ना.

सोमवारी ती साडेसहाला हँगरमध्ये आली. सवयीनं एक पाय शिडीवर ठेवला. वर तो अजगर वाट बघत होता, चार बोटं कमी असलेला. हाताशी एक तास होता, एका तासात निदान वीस वायरी झाल्या असत्या. तिनं पाय खाली घेतला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली, हात मांडीवर ठेवून. कामाच्या जागी काम न करता बसायची तिच्या जन्मातली ही पहिलीच वेळ. सगळ्या हँगरमध्ये दिव्यांची घूं घूं सोडून आवाज नव्हता. सात वाजले. सव्वासात. पहारेकरी एकदा डोकावून गेला, त्याला वाटलं बाईंना बरं नाहीसं दिसतंय.

साडेसातला रेजीस आला. वाटेत त्याची सायकलची साखळी पडली होती, दोन्ही हात काळेकुट्ट. तिला पायरीवर बघून तो थबकला. मग त्यानं कोपर वाकवून मनगट पुढे केलं, मूठ आत वळवून.

आता हे काय नवीन? वीबकेनं त्या मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“हात घाण असले की हे देतात,” रेजीस म्हणाला. “धर की. बोंझूर, वीबके.”

तिनं ते मनगट धरलं. थंड होतं, बाहेरच्या वाऱ्यानं गारठलेलं, आणि नाडी उड्या मारत होती. “बोंझूर, रेजीस,” ती म्हणाली, आणि नजर दाराकडे गेली; तिथून आता सोलेन यायची होती, आणि तिच्यामागून कुणी नाही.